आई-वडिलांना विसर पडू लागला तर: खान्देशातल्या घरांसाठी कामाची माहिती

आठवडी बाजारातून चारपैकी एक वस्तू आणायची राहून जाणं वेगळं आणि बाजार करून परतताना चाळीस वर्षांची ओळखीची गल्ली न सापडणं वेगळं. पहिलं वयाचं आहे, दुसरं आजाराचं, म्हणजे डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं), असू शकतं. 'म्हातारचळ लागला', 'साठी बुद्धी नाठी' असं म्हणत आपल्याकडे वर्ष-दोन वर्षं जातात. कुणाला करणीचा संशय येतो, कुणी भगताकडे नेतं. तेवढ्या काळात, वेळेवर सापडलं असतं तर बरं झालं असतं असं कारणही हातचं निसटतं.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या अशा घरांसाठी आहे, जिथे हे नुकतंच लक्षात आलंय आणि पुढे काय करायचं हे कळत नाहीये. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हा आजार एका जागी थांबत नाही. आज जुळवून आणलेली व्यवस्था सहा महिन्यांनी अपुरी पडते, आणि ते बहुतेकदा एखादी पडझड झाल्यावरच घरच्यांना कळतं. म्हणून दर तीन महिन्यांनी ठरवून बसा आणि खायला, आंघोळीला, संडासला, औषधाला, पैशाला आणि एकटं राहायला आता किती मदत लागते ते बघा. व्यवस्था आजाराच्या एक पाऊल पुढे असली पाहिजे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी

दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवा: तारीख, वेळ, काय घडलं. 'विसरतात' एवढंच लिहून उपयोग नाही. 'पंधरा मिनिटांत तीनदा विचारलं की पाहुणे कधी येणार', 'मोटर चालू करून विसरले, रात्रभर पाणी वाहिलं', 'पाचशेच्या दोन नोटा आणि शंभराच्या तीन, हिशेब जमला नाही', 'भाजीत दोनदा मीठ घातलं' असं लिहा. हे कधीपासून आहे, हळूहळू वाढलं की एकदम, हेही लिहा. पेशंट डॉक्टरांसमोर पाच-दहा मिनिटं अगदी व्यवस्थित बोलतात, त्यामुळे ही वहीच खरं चित्र सांगते. वही त्यांच्यासमोर वाचून दाखवू नका, आधीच डॉक्टरांच्या हातात द्या.

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घाला: बीपी-शुगरच्या गोळ्या, झोपेची गोळी, खाज-सर्दीची गोळी, मेडिकलवरून विचारून आणलेली गोळी, चूर्ण, काढा, सगळं. झोपेच्या गोळ्या, जुन्या प्रकारच्या सर्दी-खाजेच्या गोळ्या, लघवी रोखायची काही औषधं आणि कंपवातासाठी दिलेली काही औषधं म्हाताऱ्या माणसाची बुद्धी मंद करतात. नुसती गोळी बदलून माणूस बराच सावध झाल्याची उदाहरणं असतात. मात्र स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. झोपेची गोळी एकदम थांबवली तर उलट त्रास होतो.

आधी फिजिशियन, मग मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ असा क्रम ठेवा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. रक्ततपासणीत किमान हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड (टीएसएच), सोडियम, शुगर, क्रिएटिनिन आणि लिव्हरची तपासणी झाली आहे का ते बघा. बी-१२ कडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. माळकरी-शाकाहारी घर, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आणि शिवाय रोजची ॲसिडिटीची गोळी, या तिन्ही गोष्टी एका माणसात असल्या की बी-१२ उतरलेलं असण्याची शक्यता बरीच असते. त्यावर इंजेक्शन आणि गोळ्या आहेत. थायरॉइड कमी असणं आणि नैराश्य यांनीही विसर पडल्यासारखं दिसतं. दोन्हींवर उपचार आहेत.

मागच्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला असेल, ओट्यावरून किंवा मोटरसायकलवरून पडले असतील तर ते आवर्जून सांगा, मार किरकोळ वाटला तरी. कवटीच्या आत सावकाश रक्त साठून काही आठवड्यांनी गोंधळ सुरू होतो. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि ऑपरेशनने काढता येतं. विसर, पाय घासत चालणं आणि लघवी न थांबणं ही तीन लक्षणं एकत्र असतील तर तेही सांगा, कारण मेंदूत पाणी साठण्याचा एक आजार असा दिसतो आणि त्यावरही इलाज असतो.

कान आणि डोळे तपासून घ्या. कानात मळ घट्ट बसलेला असतो, मोतीबिंदू पिकलेला असतो आणि घरचे म्हणतात, त्यांना काही समजतच नाही.

भाषेचं ध्यानात ठेवा. जन्मभर अहिराणी, लेवा बोली, पावरी किंवा भिलोरी बोललेल्या माणसाला पुस्तकी मराठीत किंवा हिंदीत प्रश्न विचारले तर मार्क कमीच पडतात. स्मरणाच्या नेहमीच्या ३० गुणांच्या चाचणीत लिहिणं-वाचणंही येतं. शाळेत न गेलेल्यांसाठी वेगळी चाचणी असते, ती मागा, आणि प्रश्न घरच्या बोलीत समजावून सांगायची परवानगी घ्या. उत्तर मात्र सुचवू नका. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची शेवटपर्यंत टिकते. पुण्याहून आलेल्या सुनेने-नातवाने 'जेवण झालं का' ऐवजी 'जेवन व्हयनं का' म्हणून बघावं. चेहऱ्यावर फरक दिसतो.

निदान अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराचं, झालं तर डोनेपेझिल ही गोळी बहुधा ५ मिलिग्रॅमने सुरू करून चार-सहा आठवड्यांनी १० करतात. याने आजार थांबत नाही, काहींना काही काळ कामकाजात थोडी मदत होते. मळमळ, जुलाब, विचित्र स्वप्नं पडू शकतात. नाडी फार मंद झाली किंवा चक्कर येऊन पडले तर लगेच कळवा. आक्रस्ताळेपणा शांत करायच्या गोळ्या, म्हणजे अँटीसायकोटिक, हा शेवटचा उपाय. डिमेन्शियाच्या रुग्णांत त्याने पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. दिल्याच तर कमीत कमी डोस, ठरावीक मुदत, आणि पुढच्या भेटीत 'आता बंद करता येईल का' हे तुम्हीच विचारा.

एकदम बिघडलं तर

विसर हळूहळू वाढतो. काल बोलत होते, आज सुस्त पडलेत, बरळतात, ओळखत नाहीत, किंवा रात्रीतून एकदम चवताळलेत, तर आजार वाढला असं समजून घरी थांबू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम उतरणं, शुगर उतरणं, चार दिवस शौचाला न होणं, नवीन गोळी, यांपैकी काहीतरी बहुतेकदा असतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर १०८ बोलवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी ग्लुकोमीटर लावा. जेवलो म्हणून सांगतात, प्रत्यक्षात जेवलेले नसतात, गोळी मात्र घेतलेली असते. तिथेच घोटाळा होतो.

बोलायचं कसं

सगळ्यात जास्त शक्ती वाद घालण्यात जाते आणि त्यातून काहीच हाती येत नाही. त्यांच्या डोक्यात कालचा प्रसंग नोंदलाच गेलेला नसतो, मग 'अहो, आत्ताच सांगितलं ना' हे त्यांना खोटंच वाटणार. परीक्षा घेऊ नका. 'ओळखा बरं मी कोण' हा प्रश्न पाहुण्यांनाही विचारू देऊ नका. 'आबा, मी तुमची शोभा, चोपड्याहून आले' असं आपणच सांगावं. एका वेळी एकच वाक्य, एकच काम. 'उठा, हात धुवा, जेवायला बसा' असं एका दमात म्हटलं की ते तिथेच बसून राहतात. 'चला, उठू या' म्हणा, थांबा, मग पुढचं.

आपल्याच घरात बसून संध्याकाळी 'माले घर जानं शे' म्हणतात, तेव्हा 'हेच तुमचं घर' हे पटत नाही. बऱ्याचदा त्यांना माहेर किंवा लहानपणचं घर हवं असतं, किंवा नुसती अस्वस्थता असते: लघवी लागलेली असते, भूक असते, अंधाराची भीती असते. घराबद्दल विचारा, कोण कोण होतं तिथे, विहिरीला पाणी होतं का. बोलता बोलता अंगणात एक चक्कर मारा आणि परत आणा. अंधार पडायच्या आधी, साडेपाचलाच घरातले सगळे दिवे लावा आणि हाताला काम द्या. कापसाच्या वाती वळणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, डाळ निवडणं ही कामं हातांच्या सवयीची आहेत, ती उशिरापर्यंत जमतात. वाकड्या वाती वळल्या तर वळू द्या.

चोरीचा आळ हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे, आणि आळ बहुधा सगळ्यात जास्त करणाऱ्या सुनेवरच येतो. माय म्हणते, 'माझी पोत तिने घेतली.' सुनेने खुलासा देत बसू नये, 'चला, दोघी शोधू' म्हणावं. बाकीच्या घराने मात्र सुनेला उघडपणे सांगितलं पाहिजे की हा आजार बोलतोय. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात: पिठाचा डबा, धान्याची कोठी, उशीचा अभ्रा, गादीखाली, देव्हाऱ्यामागे. त्यांची यादी करा आणि कचरा टाकण्याआधी चाळून बघा. खरे दागिने सुरुवातीलाच, त्यांना समजत असताना, संमतीने लॉकरमध्ये ठेवा आणि अंगावर बेन्टेक्सचे द्या. चष्मा आणि पाकीट यांची दुसरी जोडी घरात ठेवा.

खाणं, पाणी, उन्हाळा

उठणं, चहा, आंघोळ, जेवण, झोप यांची वेळ रोज तीच ठेवा. दुपारी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त झोपू देऊ नका, नाहीतर रात्रभर जागतात.

ताटात एका वेळी एक-दोनच पदार्थ वाढा. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद रंगाचं ताट वापरा. चमचा सांडत असेल तर हाताने खाता येईल असं द्या. महिन्याला एकदा वजन करा. एका महिन्यात दोन-अडीच किलो उतरलं तर डॉक्टरांना सांगा. दातांची कवळी सैल झालेली असते, तोंडात छाले असतात, आणि आपण समजतो की त्यांना जेवायचंच नाही.

पुढे गिळायला त्रास होतो. खाताना ठसका, जेवणानंतर घोगरा ओला आवाज, गालात साठलेला घास, वरचेवर येणारा ताप या त्याच्या खुणा. तेव्हा बिबडे, पापड, फुटाणे, शेंगदाणे बंद. कळण्याची भाकरी कोरडी देऊ नका, दुधात किंवा वरणात पूर्ण भिजवून कुस्करा. भरीत चालतं, पण देठ-साल काढून आणि तिखट कमी करून. कुस्करलेलं केळं आपल्याकडे बारा महिने मिळतं. पातळ पाण्यानेच जास्त ठसका लागत असेल तर पेज, दाट ताक असं घट्टसर द्या. पाठ सरळ ठेवून बसवा, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा घास, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. झोपवून भरवणं म्हणजे फुप्फुसात अन्न जाऊ देणं.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४३-४५ अंशांपर्यंत जातो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते आणि याला तर पाणी प्यायचं लक्षातच राहत नाही. 'पाणी देऊ का' असं विचारू नका, उत्तर 'नको' येतं. सकाळी सातपासून दर तासाला अर्धा पेला हातात द्या आणि समोर आपणही प्या. हृदय किंवा किडनीचा त्रास नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव जायला हवं. त्यात ताक, पन्हं, डाळीचं पाणी धरा. संध्याकाळी सहानंतर थोडं कमी करा म्हणजे रात्री उठावं लागत नाही. भर मे महिन्यात स्वेटर घालून बसले तर ओढून काढू नका, चहाच्या निमित्ताने सुती सदरा पुढे करा. लोखंडी कूलरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण ओल्या हाताने ते कूलरला धरून उभे राहतात.

घर

शेतकऱ्याच्या घरात पहिला बदल फवारणीच्या औषधांचा. कपाशीचं कीटकनाशक, तणनाशक, उंदराचं औषध, फिनाइल, ॲसिड सगळं कुलपात, आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीही ओतून ठेवायचं नाही. ते सरबत म्हणून पितात. हे आजच करा.

रात्री झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. चूल आणि पाणी तापवायचा बंब यांच्याजवळ एकटं सोडायचं नाही. मोटरसायकल, ट्रॅक्टरच्या चाव्या नजरेआड. विळा, कोयता, कुऱ्हाड वर. आतून कडी लावून घेतात आणि मग उघडता येत नाही, म्हणून संडास-न्हाणीची आतली कडी काढून टाका.

आपल्याकडे रात्री वीज जाते. अंधारात उठतात आणि पडतात. लाइट गेल्यावर आपोआप लागणारा चार्जिंगचा बल्ब खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर लावा. संडास अंगणापलीकडे असेल तर रात्रीपुरती खाटेजवळ कमोड खुर्ची ठेवा. उंबरठा आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारा. दारातलं काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटतं आणि ते तिथे अडून बसतात, ते उचला. चकचकीत फरशी ओली भासते, त्यामुळेही पाऊल पुढे पडत नाही. आरशातलं माणूस परकं वाटून घाबरत असतील तर आरसा झाका.

लघवी थांबत नाही असं दिसलं की पहिल्याच दिवशी डायपर बांधू नका. दर दोन तासांनी आणि जेवणानंतर आठवणीने संडासला न्या. लुंगी किंवा इलास्टिकचा पायजमा द्या, नाडीची गाठ सुटत नाही म्हणून बरेचदा कपड्यात होते. डायपर लागलाच तर चार-सहा तासांनी बदला, आणि शी झाली की लगेच.

आंघोळ

आंघोळीला नकार हा बहुतेक घरांतला रोजचा झगडा. कारणं साधी असतात. थंडी वाजते, पडायची भीती वाटते, डोक्यावर पाणी आलं की श्वास कोंडल्यासारखं होतं, आणि पोराने किंवा सुनेने उघडं केलं की लाज वाटते. रोज पूर्ण आंघोळ झालीच पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते, बाकी दिवशी ओल्या फडक्याने तोंड, काखा, जांघा आणि पाय पुसा. आंघोळीच्या दिवशी:

१. कपडे, टॉवेल, साबण, खोबरेल आधीच न्हाणीत मांडा. मध्येच त्यांना सोडून बाहेर जायचं नाही.
२. न घसरणारी चटई, पाठ असलेलं प्लास्टिकचं स्टूल आणि भिंतीत पक्की कांब, तिन्ही हवीत. नळाला धरून उठतात आणि नळासकट खाली येतात.
३. पाणी किती गरम आहे ते आपल्या कोपराने तपासा. उकळतं पाणी न्हाणीत ठेवूच नका.
४. 'आंघोळ करा' असं न म्हणता 'चला, पाय धुऊ या' म्हणा. खांद्यावर आणि मांडीवर टॉवेल राहू द्या आणि त्याखालून धुवा.
५. पायांपासून सुरू करा, मग हात, पाठ, पोट. डोकं सगळ्यात शेवटी, किंवा वेगळ्या दिवशी.
६. लोटा त्यांच्या हातात द्या. स्वतः ओतलेल्या पाण्याची भीती वाटत नाही.
७. बोटांच्या बेचक्या, स्तनांखाली आणि जांघा टिपून कोरड्या करा. याच वेळी टाच, माकडहाड, नितंब बघून घ्या, लाल डाग आहे का ते.

हात झटकले, ओरडले तर थांबा. अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. जबरदस्तीने एकदा आंघोळ होते आणि पुढचे पंधरा दिवस न्हाणीचं नाव काढू देत नाहीत.

घराबाहेर निघून गेले तर

आधीची तयारी अशी: गळ्यात किंवा मनगटात नाव, गाव आणि दोन मोबाइल नंबर कोरलेली पट्टी, सदऱ्याच्या आतल्या बाजूला तोच मजकूर शिवलेला, मोबाइलमध्ये या महिन्यात काढलेला पूर्ण उंचीचा फोटो. शेजारी, किराणावाला, पारावरची मंडळी, रिक्षावाले यांना स्पष्ट सांगून ठेवा. लाजेपोटी लपवलेला आजार या वेळी महागात पडतो. विहिरीला कठडा किंवा जाळी हवी, आणि पाटाच्या बाजूचं दार बंद हवं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी २०२२ पासून मोफत आहे. खिशात आधार कार्ड असलं की एक पैसा नसताना माणूस अमळनेरहून धुळ्याला, तिथून नाशिकला पोहोचतो. आधार कार्ड खिशात ठेवायचंच असेल तर त्याच्या पाकिटावर तुमचा नंबर लिहा.

नाहीसे झालेत असं कळलं की घरात, गोठ्यात, माळ्यावर, गाडीत आणि संडासात पाच मिनिटं बघा. मग एक जण घरी थांबा आणि बाकीचे वाटून घ्या: विहीर आणि पाट सगळ्यात आधी, मग जुनं शेत, जुनं घर, आधी नोकरी केलेली जागा, देऊळ, बसस्टँड. एसटीच्या चौकशी खिडकीवर फोटो दाखवा, कंडक्टरांना पाठवता येतो. भुसावळ, जळगाव किंवा ताप्ती मार्गावरचं अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार स्टेशन जवळ असेल तर रेल्वे पोलिसांना गाठा, १३९ वर फोन करा. पोलिसांच्या ११२ ला लगेच कळवा. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे, हरवल्याची नोंद ताबडतोब होते. सापडल्यावर रागावू नका. ते का गेले हे त्यांना सांगता येणार नाही, भीती मात्र लक्षात राहते.

पैसा, जमीन, सही

हे काम निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच करावं, कारण समजून सही करण्याची क्षमता असेपर्यंतच कागद टिकतो. साधं मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असा समज आहे. कायद्याने, लिहून देणाऱ्याची समज गेली की साध्या मुखत्यारपत्राचा अंमलही संपतो. पुढे न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणून बँक खातं एकाच्या किंवा हयात असलेल्याच्या सहीने चालणारं संयुक्त करा, सगळीकडे नॉमिनी लावा, बँकेतला मोबाइल नंबर विश्वासू माणसाचा ठेवा. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार, शक्यतो वाटा नसलेले, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी.

सातबारा, आठ-अ, पासबुक, पेन्शनचा पीपीओ, एलआयसी हे सगळं एका फाइलमध्ये. गावातली ओळखीची माणसं अंगठा घेऊन जातात. तसं झालं तर शासनाच्या 'आपली चावडी' या वेबसाइटवर फेरफाराची नोटीस दिसते आणि नोटिशीनंतर १५ दिवसांत तलाठ्याकडे हरकत घेता येते. महिन्यातून दोनदा तिथे नजर टाका. नोव्हेंबरमध्ये पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून करता येतो. शेतीकामाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यांना हे सोयीचं.

७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ॲडमिट होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात धरू नका. मुलं सांभाळत नसतील तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता परतही मिळवता येते.

भावांच्या पाळ्या

तीन भाऊ, चार-चार महिने. गावी एक, पुण्यात एक, सुरतला एक. वाटणी म्हणून हे न्याय्य दिसतं, पण या आजारात ते अत्यंत वाईट आहे, आणि आम्ही हे ठामपणे सांगतो. नवी जागा शिकायची शक्तीच गेलेली असते. गावच्या घरात अंधारातही न्हाणीपर्यंत जाणारी माय सुरतच्या फ्लॅटमध्ये संडास शोधता शोधता कोपऱ्यात लघवी करते, आणि सगळे म्हणतात, आजार एकदम वाढला. जुळवून घेत असतानाच चार महिने संपतात आणि पुढची पाळी येते.

त्याऐवजी आई एका जागी राहू द्या आणि पाळ्या मुलांनी घ्याव्यात. सांभाळणारं घर एक, बाकीचे दर महिन्याला ठरलेले पैसे देतील आणि वर्षातले ठरलेले दिवस तिथे येऊन राहतील, तेव्हा सांभाळणाऱ्यांना पूर्ण सुट्टी. आखाजीला किंवा कानबाईच्या रोटांना सगळं घर जमतंच, त्या वेळी बसून हे कागदावर लिहा: औषधाचा खर्च कोणाचा, रात्रीचा माणूस ठेवला तर पगार कोण देणार, रविवारी फोनवर बोलायची वेळ कोणती. बहिणींनाही बैठकीत घ्या. सांभाळणाऱ्या सुनेला तिथे पहिल्यांदा बोलू द्या, कारण रात्री किती वेळा उठावं लागतं हे तिलाच माहीत असतं. गोंगाट सुरू झाला की आई-वडिलांना मात्र आतल्या शांत खोलीत ओळखीच्या एका माणसाजवळ बसवा. सणाच्या गर्दीत ते बिथरतात.

जागा बदलणं टळतच नसेल तर सकाळी पोहोचा, संध्याकाळी नको. त्यांची गोधडी, ताट-लोटा, देवाचा फोटो आणि खाट असेल तर खाटसुद्धा बरोबर न्या, आणि उशी पूर्वीच्याच दिशेला ठेवा.

कामाला माणूस ठेवताना आधार कार्ड आणि पोलीस पडताळणी करा. पहिला आठवडा कुणीतरी घरचं सोबत राहा. त्याला काय करायचं हे लिहून द्या आणि मारणं, बांधून ठेवणं, झोपेची गोळी देणं चालणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. वृद्धाश्रम बघत असाल तर विसराळू रुग्ण घेता का, रात्री किती माणसं असतात, फाटक बंद असतं का, पेशंट पडला तर किती वेळात कळवता, हे विचारा. आणि संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी, न सांगता जाऊन बघा.

सांभाळणाऱ्याला आठवड्यातून किमान अर्धा दिवस घराबाहेर आणि रात्रीची सलग झोप मिळालीच पाहिजे. तिचं बीपी, तिची कंबर यांचीही तपासणी करा. हात उगारला जाईल असं वाटू लागलं तर त्यांना सुरक्षित बसवून दुसऱ्या खोलीत जा आणि कुणालातरी हाक मारा. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस, १४४१६ वर चोवीस तास बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते.

अंथरुणाला खिळल्यावर

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. डावी, पाठ, उजवी असा तक्ता भिंतीवर लावा आणि बदलली की खूण करा. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं ठेवा. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी राहू द्या. एअर बेड घेतला तरी कूस बदलावीच लागते. लाल झालेल्या जागेवर चोळू नका, खालच्या पेशी तुटतात आणि जखम लवकर होते. मध्ये भोक असलेली गोल रबरी रिंग वापरू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. चादर ओढून माणूस सरकवू नका, दोघांनी उचलून हलवा. तीन दिवस शौचाला झालं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

अगदी शेवटच्या टप्प्यात खाणं थांबतं आणि नाकातून नळी घालायची का, हा प्रश्न येतो. या आजाराच्या त्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा ठसका थांबतो असं दिसलेलं नाही. नळी ओढून काढतात म्हणून हात बांधावे लागतात ते वेगळंच. चमच्याने जेवढं जाईल तेवढं प्रेमाने भरवणं हे तज्ज्ञांनाही बरं वाटतं. व्हेंटिलेटर, आयसीयू, नळी याबद्दल आई-वडिलांची इच्छा त्यांना बोलता येत असतानाच विचारून लिहून ठेवा, आणि सगळ्या भावंडांना ती दाखवा, म्हणजे हॉस्पिटलच्या दारात रात्री दोन वाजता भांडण होत नाही. त्या कागदाची एक प्रत औषधांच्या यादीसोबत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. यादीवर गोळीचं नाव, डोस, वेळ, ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टरांचा फोन आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख असू द्या. १०८ ची गाडी आली की ती यादी मोबाइलमध्ये फोटो काढून सोबत घ्यायची, आणि ॲडमिट केल्यावर एक घरचं माणूस चोवीस तास खाटेजवळ राहील याची पाळी तिथेच लावायची. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी घरून नेण्याचं विसरू नका.